उद्याने जनतेची, खिडकी कंत्राटदाराची

अमेरिकेत राज्य सरकारांच्या मालकीची जी उद्याने आहेत, ज्यांना तेथे ‘स्टेट पार्क’ म्हणतात, तेथे मुलाबाळांसह मुक्कामाला जाणाऱ्या सामान्य माणसाच्या तक्रारी प्रथमदर्शनी किरकोळ वाटतात. वर्षभराचा पास घेतला, पण सुटीच्या दिवशी वाहनतळ भरला म्हणून फाटकावरूनच परत पाठविले. पास केवळ गाडी आत नेण्यापुरता. तंबू ठोकायचा तर भाडे निराळे, आणि ते भाडे आगाऊ भरण्याचे शुल्क आणखी निराळे. बेत रद्द झाला तर हे शुल्क बुडाले. कॅलिफोर्नियात मुक्कामाच्या जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि समुद्रकाठच्या जागा काही मिनिटांत संपतात. प्रत्यक्ष त्या दिवशी मात्र कित्येक जागा ओस पडलेल्या असतात. आरक्षण करून न फिरकणाऱ्यांना आवर घालण्यासाठी तेथे २०२३ साली कायदाच करावा लागला.

या साऱ्याला ‘ग्राहकसेवेतील त्रुटी’ असे गोंडस नाव देण्यात येते. आमचा आक्षेप मुळात या शब्दाला आहे. दुकानात जातो तो ग्राहक. आपल्याच मालकीच्या भूमीवर पाय ठेवणारा नागरिक ग्राहक केव्हापासून झाला? हा बदल आपोआप घडलेला नाही. तो घडविण्यात आला आहे.

या उद्यानांचा पूर्वेतिहास निष्कलंक आहे असे कोणी समजू नये. १८६४ साली लिंकनने योसेमिटीचे खोरे सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केले, परंतु त्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांना हुसकावण्यासाठी १८५१ मध्येच सशस्त्र तुकडी घुसविण्यात आली होती. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या नागरिकांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोऱ्यांच्या उद्यानांत प्रवेश नव्हता. तरीही १९३३ ते १९४२ या काळात रूझवेल्ट सरकारच्या योजनेखाली लक्षावधी बेकार तरुणांनी जे काम केले, ते विसरता येत नाही. महिना तीस डॉलर वेतन, त्यातले बहुतेक घरी धाडायचे आणि छावणीत राहून रस्ते, पायवाटा, पूल, दगडी निवारे बांधायचे. देशातील शेकडो उद्याने या श्रमांनी उभी राहिली वा वाढली. म्हणजे भूमी सार्वजनिक, पैसा सार्वजनिक आणि घाम गळाला तोही बेकारीने पोळलेल्या श्रमिकांचा. आज त्याच निवाऱ्याशेजारी एक रात्र काढावयाची तर संगणकाच्या पडद्यावर प्रथम शुल्क भरावे लागते.

‘जो वापरतो त्याने मोजावे, जो वापरत नाही त्याच्यावर भार कशाला?’ असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. ऐकायला तो न्याय्य वाटतो, म्हणूनच घातक आहे. एकदा तो मान्य केला की विधिमंडळाला अंदाजपत्रकातून उद्यानांसाठी तरतूद करण्याचे कारण उरत नाही. तूट आली की शुल्क वाढवा, शुल्क वाढून गरीब मागे हटला की ‘मागणी घटली’ म्हणून तरतूद आणखी कापा. कॅलिफोर्नियाने २०११ साली दोन कोटी वीस लक्ष डॉलर वाचविण्यासाठी २७८ पैकी ७० उद्याने बंद करण्याचे जाहीर केले. लोकांनी वर्गण्या काढल्या, स्वयंसेवक पुढे आले. आणि २०१२ च्या जुलैमध्ये उघडकीस आले ते काय? उद्यान खात्याच्या दोन निधींत मिळून सुमारे पाच कोटी चाळीस लक्ष डॉलर हिशेबात न दाखविता पडून होते! खात्याच्या संचालिकेला राजीनामा द्यावा लागला. उद्यानासाठी डबा फिरविणाऱ्या त्या वर्गणीदारांना कोणत्या खिडकीवर तक्रार नोंदविता आली असती?

गरिबांसाठी सवलतीचे पास आहेतच, असेही सांगण्यात येते. आहेत, पण ते मिळविण्यासाठी आपण सरकारी मदतीवर जगतो हे आधी सिद्ध करावे लागते. त्याच राज्यात २०२२ पासून सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे पास घरी नेण्याची सोय झाली, ती आम्हांला शंभर पटींनी अधिक सभ्य वाटते. तेथे कोणाला दारिद्र्याचा दाखला काढावा लागत नाही.

याला पर्याय नाही हे म्हणणे तर सरळसरळ खोटे आहे. मिसुरी राज्यात १९८४ पासून विक्रीवर एक दशांश टक्का कर आहे. त्याचा निम्मा भाग उद्यानांना मिळतो आणि तेथे प्रवेशशुल्क नाही. मतदारांनी हा कर २०१६ सालीही कायम ठेवला. (विक्रीकराचा बोजा गरिबावर अधिक पडतो, हा आपला जुना आक्षेप येथेही लागू आहेच, तो संपत्तीवर बसवावा.) मिशिगनने २०१० साली निराळा मार्ग काढला. गाडीच्या वार्षिक नोंदणीबरोबर स्वेच्छेने शुल्क (तेव्हा दहा डॉलर) भरा आणि राज्यातील सर्व उद्यानांत जा. पूर्वी याच पासाला चोवीस डॉलर पडत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मात्र त्याच वर्षी गाडीमागे अठरा डॉलर अधिभाराचा प्रस्ताव फेटाळला. विरोधक हे उदाहरण तोंडावर फेकतील. फेकोत. मंदीने हैराण झालेल्या माणसापुढे सरसकट अधिभार ठेवून तो नाकारला गेला, यावरून लोकांना सार्वजनिक उद्याने नकोत असा निष्कर्ष निघत नाही. कर कोणावर बसवावा हा प्रश्नच त्यांना कोणी विचारला नव्हता, एवढाच निघतो.

आता कंत्राटदाराकडे वळू. कॅलिफोर्नियात आरक्षणाची यंत्रणा खासगी कंपनीकडे आहे. केंद्र सरकारच्या वनांतील व उद्यानांतील मुक्कामाची आरक्षणे जेथे होतात ती यंत्रणा बूझ ॲलन हॅमिल्टन चालविते. लष्कराला आणि गुप्तहेर खात्यांना सल्ला विकणारी हीच ती कंपनी. तिला मोबदला मिळतो तो व्यवहारागणिक. जंगल राखले काय, संडास स्वच्छ राहिले काय, कंपनीच्या मिळकतीत फरक पडत नाही. पडतो तो लोकांनी किती वेळा कळ दाबली यावर. नेवाडातील एका सार्वजनिक क्षेत्रात प्रवेशाच्या आगाऊ नोंदणीवर बसविलेले दोन डॉलरांचे शुल्क लोकांचे म्हणणे न ऐकताच लावले होते, म्हणून २०२२ साली फेडरल न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरविले. दोन डॉलरांसाठी नागरिकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली!

आणि संतप्त पाहुण्याच्या शिव्या कोण खातो? फाटकावर उभा असलेला हंगामी कामगार. पडदा दाखवितो त्यापलीकडे जागा देण्याचा अधिकार त्याला नाही. कित्येक ठिकाणी मुक्कामाच्या आवाराची देखरेख ‘कॅम्प होस्ट’ करतात. आपली फिरती गाडी विनामूल्य उभी करावयास मिळावी एवढ्या मोबदल्यावर राबणारी ही बहुधा निवृत्त माणसे. वेतनावरील नोकरी मोडून तिला सेवाभावाचे नाव कसे द्यावे, याचा हा वस्तुपाठ आहे. पाहुणा आणि पहारेकरी परस्परांवर ओरडत राहतात, आणि ज्यांनी तरतूद कापली व ज्यांनी कंत्राट घेतले ते दोघेही त्या फाटकापासून फार दूर असतात.

अमेरिकेचे हे पुराण महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांपुढे मांडण्याचे कारण ताडोबा आहे. तेथील सफारीचे आरक्षण वन खात्याने खासगी संस्थेकडे सोपविले. बारा कोटी रुपयांहून अधिक रक्कम या संस्थेने भरलीच नाही, अशी तक्रार २०२३ च्या ऑगस्टमध्ये खात्यालाच चंद्रपूरच्या पोलिसांकडे नोंदवावी लागली. आरोपाचे खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु पर्यटकांचा पैसा प्रथम खासगी खात्यात जावा आणि तेथून सरकारकडे यावा, ही रचना कोणी मान्य केली हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे नव्हे, आपले आहे. ज्या गाभाक्षेत्रातून गावे उठविली, तेथे शनिवार-रविवारी वाढीव दराने जिप्सी फिरतात. उठविलेल्या गावचा माणूस त्या दराने आपले जुने शिवार पाहू शकेल काय?

चंद्रपूर जिल्ह्यातील साथींनी पुढील अधिवेशनापूर्वी एवढे करावे. आरक्षणाचा करार, संस्थेला मिळणाऱ्या वाट्याचे प्रमाण आणि फाटकावरील रोजंदारांची वेतनपत्रके माहितीच्या अधिकारात मागवावीत. मार्गदर्शक, चालक आणि पुनर्वसित गावांतील कुटुंबे यांची एकत्र बैठक मोहर्लीत घ्यावी, आणि तेथे ठरलेल्या मागण्या आपल्या आमदारांच्या हाती लेखी द्याव्यात.