निकालाची टक्केवारी आणि बाकावरची मुले

पूर्वपक्ष असा मांडला जातो : तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सरकारी शिक्षणाला एके काळी तोड नव्हती. १८५४ साली प्रांतिक शाळा म्हणून सुरू झालेले आणि पुढे सरकारी महाविद्यालय झालेले तिथले विद्यालय दक्षिण भारताचे केंब्रिज म्हणून ओळखले जाई. सर टी. माधवराव याच गावचे. रामानुजन इथल्याच टाउन हायस्कूलचा. पुढे शाळेचे दार सरसकट सगळ्यांना उघडले आणि दर्जा घसरला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल हेच बोलले जाते, फक्त नावे बदलतात. हा युक्तिवाद मला मुळातून चुकीचा वाटतो.

आधी माधवराव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा कारभार पाहिलेला हा तंजावरी मराठी दिवाण १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मला. पण तो शिकला मद्रासला, पॉवेल या शिक्षकाच्या हाताखाली. कुंभकोणमची प्रांतिक शाळा निघाली तेव्हा त्याची पंचविशी उलटून गेली होती, म्हणजे त्याचे यश त्या शाळेच्या खात्यावर मांडताच येत नाही. शिवाय त्याचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. माधवरावांची बुद्धी आणि मेहनत मी नाकारत नाही. पण दिवाणांच्या घरातला मुलगा दिवाण होतो, त्यात घराचा वाटा किती आणि शिक्षकाचा किती, हे न विचारता शाळेचे मोठेपण ठरवणे हा हिशेबच नव्हे.

तो काळ कोणाचा होता याची नोंद आहे. १९१६ च्या ब्राह्मणेतर जाहीरनाम्यात १९१४ चे आकडे दिले आहेत : मद्रास विद्यापीठाच्या ६५० नोंदणीकृत पदवीधरांपैकी ४५२ ब्राह्मण, १२४ ब्राह्मणेतर हिंदू आणि ७४ इतर. इलाख्याच्या लोकसंख्येत ब्राह्मण होते जेमतेम तीन टक्के. ज्या वर्गांच्या निकालाचे गोडवे गायले जातात त्या वर्गांत शेतमजुराचे पोर जवळजवळ नव्हते आणि मुलगी तर नव्हतीच. परीक्षेच्या कितीतरी आधी, प्रवेशाच्या वेळीच, बहुसंख्य समाज नापास करून बाहेर ठेवला होता. तो नापासांचा आकडा कुठल्याच निकालपत्रकात आला नाही.

यावर हमखास उत्तर येते : रामानुजन तर गरीबच होता. होता. वडील साडीच्या दुकानात कारकून, घरात पैशांची सदाची चणचण. पण सारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या घरात सरकारी महाविद्यालयाचे विद्यार्थी भाड्याने राहत, आणि लोनीचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्याला त्यांच्याकडूनच उसने मिळाले. पुढे कार या लेखकाच्या गणिताच्या ग्रंथाची ग्रंथालयातली प्रतही हाती आली. पैसा नव्हता, पण पुस्तक हाकेच्या अंतरावर होते. गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या त्याच वयाच्या मुलाला हे अंतर ओलांडता येणे शक्य नव्हते. आणि खुद्द रामानुजनचे पुढे काय झाले? १९०४ मध्ये शाळेने त्याला गणिताचे पारितोषिक दिले. महाविद्यालयात मात्र इतर विषयांत तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. १९०६ आणि १९०७ मध्ये एफ. ए. या महाविद्यालयीन परीक्षेतही तो उत्तीर्ण झाला नाही. आज ज्याच्या नावाने गाव छाती फुगवते तो त्या वर्षांच्या टक्केवारीत निकाल खाली ओढणारा विद्यार्थी होता.

आता पूर्वपक्षाचा एकच मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुले शाळेत आली, पण शिकली का? २०२२ च्या ‘असर’ पाहणीत तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले पाच टक्क्यांच्या आसपास होती, देशात साधारण वीस. कोरोनाचा काळ जमेस धरला तरी हा आकडा लाजिरवाणा आहे. पण त्यावरचा इलाज कोणता? शाळा पुन्हा गाळणीतून आलेल्यांची करायची, की आलेल्या मुलाला वाचायला शिकवायचे? त्या राज्याने दुसरा रस्ता धरला. संध्याकाळी वस्तीत शिकवणी घेणारे ‘इल्लम तेडी कल्वी’ २०२१ मध्ये, पहिली ते तिसरीच्या अक्षर-अंकओळखीसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’ २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी सकाळची न्याहारी. १९५६ मध्ये कामराजांनी राज्यभर सुरू केलेल्या दुपारच्या जेवणाचाच हा पुढचा भाग. रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाला जोडाक्षरे येत नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

दार सगळ्यांना उघडण्याची फळे दिसतात. २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के असताना तमिळनाडूत ते ४७ टक्के होते. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखणारा कायदा २०२० मध्ये झाला. त्याआधी अशी मुले बोटांवर मोजावी लागत. पहिल्याच वर्षी सुमारे चारशे जागा त्यांच्या वाट्याला आल्या. शाळा त्याच, शिक्षक तेच. आणि ‘नीट’ची पात्रता या मुलांनाही मिळवावीच लागते, तेव्हा दर्जा सोडून दिला हा आरोपही टिकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे : शाळेच्या निकालाशेजारी आणखी चार रकाने छापलेच पाहिजेत. घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले किती; पाचवीत आली तेव्हा किती जणांना वाचता येत होते; नववी आणि दहावीच्या मध्ये किती गळाली, आणि त्यांत मुली किती; परीक्षेला न बसवता घरी बसवलेली किती. शेवटचा रकाना खासगी शाळांनाही सक्तीचा हवा, कारण शंभर टक्के निकालाचे फलक तिथेच सर्वांत मोठे लागतात. कुंभकोणमच्या शाळेला हे लागू करा, कोल्हापूरच्याही करा. वाचता न येणाऱ्या मुलाला पाचवीत घेऊन दहावीत साठ टक्क्यांनी पास करणारा शिक्षक आज कुठल्याच यादीत वर येत नाही.