विश्रांतीचे तास आणि निजण्याची जागा

युरोपीय संघाने मालवाहतूक करणाऱ्या चालकांसाठी २००६ साली केलेला विनियम क्रमांक ५६१ हा वैद्यांनीही वाचावा असा कायदा आहे. साडेचार तास वाहन चालविल्यावर ४५ मिनिटांचा खंड, आणि आठवड्याला सलग ४५ तासांची विश्रांती, कमी करावयाची झाल्यास ती किमान २४ तास, असे त्याचे स्थूल स्वरूप. आमचे लक्ष विशेषत्वाने वेधले ते नवव्या कलमाने. ट्रक फेरीबोटीवर अथवा आगगाडीवर चढवून चालक सोबत जात असेल, तर तो काळ विश्रांतीत धरावा काय? धरावा, असे कलम म्हणते; मात्र चालकास निजावयास शय्या मिळाली पाहिजे, आणि चढण्या-उतरण्यासाठी त्याची विश्रांती फार तर दोनदा, एकूण एका तासापर्यंतच मोडावी. २०२० च्या दुरुस्तीने ४५ तासांच्या विश्रांतीसही ही सवलत मिळाली. तेथे अट अधिक कडक आहे: प्रवास आठ तासांचा वा अधिक नियोजित हवा आणि शयनकक्ष हवा. एरवीही ही विश्रांती ट्रकच्या केबिनमध्ये घेता येत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निर्वाळा दिलेला आहे.

चाक थांबले म्हणजे चालकास विश्रांती मिळाली, असे हा कायदा गृहीत धरीत नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. चरकाचार्यांनी निद्रेस तीन उपस्तंभांत स्थान दिले, आणि बसल्या बसल्या डुलकी घेणे, म्हणजे आसीनप्रचलायित, हे रात्रिजागरण व दिवास्वाप या दोहोंहून निराळे म्हणून नोंदविले.

एका तरतुदीशी मात्र आम्ही सहमत नाही. घटविलेल्या साप्ताहिक विश्रांतीची भरपाई त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत लांबविता येते. वाग्भटांच्या मते जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ दुसऱ्याच सकाळी, तोही भोजनापूर्वी, निजावे. जागरणाने वाढलेला रूक्ष गुण आणि त्यामागोमाग कुपित होणारा वात तीन आठवडे कोणाची वाट पाहत बसत नाही. मालकांची सोय पाहून ही मुदत ठरली असावी, अशी आमची शंका आहे.

आता कोकणाकडे वळू. कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेत १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेले जातात. घाटाची वळणे टळतात, इंधन वाचते. सेवा निःसंशय उपयुक्त आहे. परंतु चालक आणि क्लीनर आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून जातात, आणि उतरताच पुन्हा चाक हाती घेतात. या गाडीस चालकांसाठी एक शयनयान जोडावे, अशी मागणी आपल्या संघटनेने रेल्वे प्रशासनाकडे लेखी करावी. दरम्यान कटिशूल, अम्लपित्त वा अर्श घेऊन ट्रकचालक चिकित्सालयात आला, तर निदानपत्रकात आहारविहारासोबत आणखी दोन प्रश्न असावेत: गेल्या आठवड्यात सलग किती तास निजलात, आणि कोठे?