विमानाचा रंग आणि दुसऱ्याची नजर

डेंटिंग-पेंटिंग हा आपल्यातल्या अनेक घरांचा व्यवसाय आहे. सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत गॅरेजच्या ओळीत गेले की कोणाचे तरी मामू, कोणाचा तरी भाचा हातात स्प्रेगन घेऊन भेटतोच. जुना रंग काढायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, मग रंग. या हातांना उद्या दोन-चार आसनांचे छोटे विमान रंगवायला दिले तर? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले म्हणतात, "त्यात काय सर, पत्राच तर आहे!"

पत्रा आहे हे खरे. पण तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. गंज लागू नये म्हणून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा बारीकसा थर असतो. ग्राइंडर फिरवला की तो थर गेलाच. लोखंडी पट्टीचा ओरखडा पुढे भेगेची सुरुवात ठरू शकतो. लोखंडी तारेची घासणीही चालत नाही. तिचे कण पत्र्यात रुततात आणि तिथेच गंज धरतो. पोचा दिसला तर पुट्टीने लपवायचा नाही, तो का पडला हे आधी शोधायचे.

म्हणून विमानाचा रंग बहुधा रसायन लावून फुगवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढतात. खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात, त्या आधी नीट झाकाव्या लागतात; रसायनाचे थेंब उडाले तर त्या कायमच्या खराब होतात.

रंगवणाऱ्याच्या जिवाचे काय? जुन्या पद्धतीच्या रंग काढणाऱ्या द्रावणात मेथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ श्वासातून आत गेली की शरीरात तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यावर जीव घेणारा वायू तोच. बंद जागेत असे काम करताना माणसे दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असे द्रावण विकायला बंदी घातली. वरून मारायच्या दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगात हार्डनर मिसळतात, त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. हा रंग आपल्या गाड्यांच्या गॅरेजमध्येही वापरला जातो. तोंडावर रुमाल बांधून या वाफेपासून बचाव होत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो. घरात कोणी हे काम करत असेल, तर त्याच्याशी आजच बोला.

पुढचा मुद्दा वजनाचा. रंगाला वजन असते हे आपण सहसा लक्षात घेत नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी इंधनटाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. नंतर रंग देणेच बंद केले आणि सुमारे २७० किलो वजन वाचले. छोट्या विमानाच्या पंखांना आणि शेपटीला जे हलते भाग असतात, त्यांचा तोल फार नाजूक असतो. त्यांच्यावर रंगाचा जादा हात बसला तर वेगात ते थरथरू लागतात, आणि ही थरथर शेपूट मोडण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून रंगानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो.

आणि शेवटी टेप. बाहेरच्या हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रे विमानाच्या अंगावर असतात. उंची आणि वेग वैमानिकाला त्यांवरून कळतो. धुताना किंवा रंगवताना ती झाकतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशात एरोपेरूचे विमान रात्री समुद्रात कोसळले आणि त्यातली सर्व ७० माणसे गेली. सफाईच्या वेळी लावलेली टेप काढायची राहिली होती. कामगाराची नजर चुकली, आणि उड्डाणापूर्वी तपासणाऱ्यांच्याही ती लक्षात आली नाही.

अमेरिकेत वैमानिक-मालकाला स्वतःच्या विमानाचा रंग स्वतः बदलता येतो; मात्र तोल साधलेले हलते भाग त्यातून वगळलेले आहेत. आपल्याकडे विमानाचे काम परवानाधारक इंजिनिअरने तपासून सही केल्याशिवाय विमान उडत नाही. हात कोणाचाही असो, पास करणारी नजर दुसऱ्याची हवी.

मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी डोळे भरून पाहिले. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात आणि उड्डाण-चाचणीची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरात. एवढा उशीर का, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण परवानगी येईपर्यंत विमान जमिनीवर राहिले.

दुसरी आठवण दुःखाची. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावी वेल्डिंगचे काम करणाऱ्या आपल्याच समाजातल्या एका तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बनवले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना मागचा पंखा तुटला आणि त्यातच त्याचा जीव गेला. शाळा लवकर सुटलेली, पण हातात केवढे कसब! अल्लाह त्याला मगफिरत देवो. त्याला हसणारे भेटले असतील, वाहवा करणारेही भेटले असतील. पण "थांब, आधी हा जोड तपासू या" म्हणणारा जाणकार त्याच्या शेजारी हवा होता.

आपल्या घरात असा खटपटी मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिच्या हातातला पाना काढून घेऊ नका. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतले, तर एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर होण्याची वाट खुली आहे. परवान्याच्या परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय घेते. हाच इंजिनिअर विमानाच्या कागदावर सही करतो. आणि आज ती स्कूटरच रंगवत असेल, तरी ब्रेक जोडल्यावर दुसऱ्या कोणाला तरी एकदा पाहायला लावा. त्यात कमीपणा नाही. त्या गाडीवर बसणाऱ्याचा जीव आपल्याकडे अमानत असतो.