शिक्षकांचे ५० तास : सर्टिफिकेट मिळालं, पण वर्गात काय बदललं?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला आमच्या रावेतच्या सोसायटीतल्या एका काकूंनी बेल वाजवली. हातात मोबाईल, चेहरा वैतागलेला. "अरे, हा ट्रेनिंगचा कोर्स नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलाय. उद्या शाळेत सर्टिफिकेट दाखवायचंय, जरा बघ ना." काकू आठवीला विज्ञान शिकवतात. एक व्हिडिओ मध्येच पुढे ढकलला गेला होता. तो पुन्हा चालवला, शंभर टक्के झाले. कोर्स कशावर होता असं विचारलं, तर हसल्या. "व्हिडिओ चालू होता तेव्हा मी भाजी निवडत होते रे."

काकूंना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मीही ऑफिसमधलं सायबर सिक्युरिटीचं ट्रेनिंग असंच उरकतो. पण काकूंपुढे रोज वर्गभर मुलं बसतात, म्हणून हे जरा नीट समजून घेऊया.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीच्या विषयांत. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राचं 'निष्ठा' प्रशिक्षण समोरासमोर सुरू झालं होतं. कोविडमुळे ऑक्टोबर २०२० पासून ते 'दीक्षा' या प्लॅटफॉर्मवर आलं. मॉड्यूल बघा, शेवटच्या चाचणीत ७० टक्के मिळवा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, असं त्यात आहे. म्हणजे शिक्षकांवर एकीकडे तासांचा हिशोब आणि दुसरीकडे परीक्षेची टांगती तलवार.

बरं, ५० तास हा आकडा काही वाईट नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागासाठी २००७ मध्ये एक आढावा घेतला गेला. १३०० हून अधिक अभ्यास चाळल्यावर फक्त ९ अभ्यास निकषांवर टिकले. त्यांत शिक्षकांना सरासरी ४९ तास प्रशिक्षण मिळालं होतं आणि मुलांच्या निकालात चांगली सुधारणा दिसली. चौदा तासांपेक्षा कमी असेल तिथे परिणाम जाणवला नाही. पण गंमत पुढे आहे. त्या प्रशिक्षणांत तज्ज्ञ थेट शिक्षकांसोबत बसले होते. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवायचं ही आपल्याकडची साखळी त्यात नव्हती. तास सारखेच, आतला माल वेगळा.

मग विज्ञानाच्या शिक्षकाला नेमकं काय शिकवायचं? २०१३ चा फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी अमेरिकेतल्या शाळांत भौतिक विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना मुलांचीच प्रश्नपत्रिका दिली. आधी बरोबर उत्तर सांगा, आणि मग सांगा की मुलं सर्वांत जास्त कोणतं चुकीचं उत्तर निवडतील. बरोबर उत्तरं बहुतेकांना आली. मुलांची नेहमीची चूक मात्र निम्म्याहून कमी वेळा ओळखता आली. मुलांच्या मनात एखादी ठाम चुकीची कल्पना असते अशा प्रश्नांवर, ती चूक ओळखणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त शिकली. नुसतं बरोबर उत्तर येणं तिथे पुरलं नाही.

उदाहरण घ्या. एक बॅटरी आणि एकसरीत जोडलेले दोन सारखे बल्ब. कोणता जास्त उजळेल? बरीच मुलं (आणि खरं सांगायचं तर बरेच इंजिनिअरसुद्धा) म्हणतात, पहिला. कारण पहिला बल्ब थोडी वीज 'खातो' आणि उरलेली दुसऱ्याला जाते. प्रत्यक्षात विद्युतधारा दोन्हींतून सारखीच वाहते, दोन्ही सारखेच उजळतात. ओहमचा नियम फळ्यावर दहा वेळा लिहिला तरी ती 'खाण्याची' कल्पना जागची हलत नाही. मुलांनी आधी अंदाज सांगायचा, मग बल्ब लावून बघायचं, मग वाद घालायचा, तेव्हा कुठे हलते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. दीक्षा 'सनबर्ड' या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर बांधलेलं आहे. त्याच्या टेलिमेट्रीत, म्हणजे वापराच्या नोंदींत, 'स्टार्ट', 'एंड', 'इंटरॅक्ट' असे इव्हेंट असतात. काकूंचं भाजी निवडणं त्यात कुठेच दिसत नाही, दिसतं फक्त 'एंड'. पण त्याच यादीत 'असेस' नावाचाही इव्हेंट आहे. त्यात उत्तर बरोबर की चूक, गुण किती, कोणता पर्याय निवडला, किती वेळ लागला हे साठवायची सोय आहे. म्हणजे आठवीची मुलं विजेच्या प्रश्नावर नेमकी कुठे घसरतात, हे शिक्षकाला दाखवायचा पाया तयार आहे. अट एकच, चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या कल्पनांवरून बनवलेले हवेत, उगाच भरलेले नकोत. आणि कृपा करून त्यावरून शिक्षकांची रँकिंग लावू नका, नाहीतर मुलांना उत्तरं आधीच सांगितली जातील!

हे शिक्षकाकडून उलट ऐकून घेणं नवीन नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सुट्टीतल्या शिबिरांत शिक्षक स्वतः प्रयोग करायचे. नंतर दर महिन्याला एकत्र बसून वर्गात काय फसलं ते सांगायचे, आणि गटातले लोक शाळेत येऊन तास बघायचे. टेल्कोच्या पुणे कारखान्यात, म्हणजे आपल्या पिंपरीत ट्रक बनवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथेच गेले होते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची त्यांची खेळणी त्यातूनच निघाली. सरकारने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. मासिक बैठकीसारखी गोष्ट आज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही चालू शकते, पण आपल्या ग्रुपवर बहुतेक वेळा फिरतात त्या लिंक आणि 'आजच पूर्ण करा' असे मेसेज. बैठकीचे तास ५० मध्ये धरायला कोणाची हरकत असावी असं मला वाटत नाही, पण त्यासाठी शिक्षकाला एक दुपार मोकळी द्यावी लागेल.

काकूंना मी दोन बल्बचा प्रश्न सांगितला होता. परवा लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, बहुतेक हात पहिल्या बल्बसाठी वर गेले. "आणि खरं सांगू का, लावून बघेपर्यंत मलाही खात्री नव्हती. आता दोन्हींमध्ये अ‍ॅमीटर लावून दाखवते, पण शाळेतला बंद पडलाय. तुझ्याकडे मल्टीमीटर आहे ना रे?"