मुलांना एकत्र वाजवायला शिकवा



झाशीच्या रेल्वे वसाहतीत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे गणित-विज्ञानाच्या शिकवणीपाशी येऊन थांबते. संगीत ही गॅदरिंगपुरती हौस, पैसेवाल्यांची चैन, अशीच आपली समजूत आहे. ही समजूत आपण सोडली पाहिजे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना स्वर-तालाची मूलतत्त्वे आणि सामूहिक वादन शिकवण्याची सोय व्हावी, आणि ही मागणी संघटनेने लावून धरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

झाशीत मराठी माणूस मराठेशाहीपासून आहे. १८९५ साली येथे रेल्वेचे वर्कशॉप सुरू झाले. पुढे २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईत होते. त्यामुळे बदलीवर आलेली अनेक कुटुंबे येथेच स्थायिक झाली. आपल्या या शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर ग्वाल्हेर. तेथे १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी संगीत विद्यालय उभे केले. त्याआधी १९०१ मध्ये पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. भातखंडे पेशाने वकील, पलुसकर कुरुंदवाडचे. दोघांच्या पद्धती वेगळ्या, पण घराण्यांच्या भिंतीआड असलेली विद्या दोघांनीही स्वरलिपीत उतरवली आणि वर्गात आणली. आपल्या भाषेत सांगायचे तर, मूठभरांच्या ताब्यातले साधन त्यांनी अनेकांच्या हाती दिले.

मात्र या वाटेने पुढे जे संगीत-शिक्षण रूढ झाले, त्यात बहुधा एकटा विद्यार्थी परीक्षकासमोर बसतो. त्याला पहिला वर्ग मिळतो. शेजारच्याचे ऐकून आपला आवाज सावरण्याची सवय मिळत नाही. ती सामूहिक वादनात मिळते.

याचे उदाहरण झाशीपासून फार दूर नाही. आपले रनिंग स्टाफमधले बांधव माणिकपूर-जबलपूर मार्गावरचे मैहर स्टेशन ओळखतात. तेथे १९१८ च्या सुमारास उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले गोळा केली, त्यांना वाद्ये शिकवली आणि त्यांतून मैहर बँड उभा केला. त्यासाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग हे वाद्य बनवले. ही मुले कोणा उस्तादांच्या घरात जन्मलेली नव्हती. शिकवणारा मिळाला, रोजची तालीम मिळाली, आणि ती एका तालात वाजवू लागली.

आपल्याकडे हे करायला फार मोठी सामग्री लागत नाही. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे बारा स्वर. मात्रा, सम, खाली आणि स्वरलिपीचे वाचन, एवढी मूलतत्त्वे पुरे. त्रितालाच्या सोळा मात्रा घ्याव्यात. एका गटाने हाताने ताल धरावा, दुसऱ्याने सरगम बरोबरीच्या लयीत म्हणावी, तिसऱ्याने तीच दुगुनीत वाजवावी, आणि तिघांनी समेवर एकत्र यावे. बासरी आणि हार्मोनियम एकाच पट्टीत जुळतात की नाही, हे मात्र खरेदीच्या वेळीच पाहावे. नाहीतर पैसे जातात आणि मुले बेसूर वाजवतात. या वयात मुलांचा आवाज फुटतो. गाणारा मुलगा लाजून मागे बसतो, पुष्कळदा गाणेच सोडतो. त्याच्या हाती वाद्य दिले तर तो टिकतो.

ही विद्या कामगाराला परकी नाही. रूळ सरकवताना गँगमनांपैकी एकजण हाळी देतो आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागतो. तो क्षण म्हणजे समच. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळेही डब्याच्या खडखडाटात एकमेकांचे ऐकत टाळ सांभाळतात. वाद्यवृंदातली शिस्तही अशीच आहे. पुढे पळणाऱ्याला थांबावे लागते आणि मागे पडलेल्याला बाकीचे सांभाळून घेतात. वसाहतीत मराठी, बुंदेली, बंगाली, तेलुगू घरे आहेत, गँगमनचे घर आहे आणि अधिकाऱ्याचेही. भाषा आणि ग्रेड वेगळी असली तरी समेवर सगळ्यांना एकदमच यावे लागते.

कोणी विचारील, यातून नोकरी लागते काय? रेल्वेत सांस्कृतिक कोट्यातून भरती होते, पण जागा मोजक्याच. नोकरीच्या आशेवर ही मागणी उभी करू नये. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही घोषणा देत १८८६ साली शिकागोचे कामगार रस्त्यावर उतरले. त्यातले तिसरे आठ तास आपल्या मुलांनी केवळ पडद्यासमोर बसून घालवावेत काय? ध्यानचंदांच्या झाशीने संघभावनेचे महत्त्व हॉकीच्या मैदानावर ओळखले. वाद्यांच्या बाबतीतच आपण मागे का राहावे?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. स्टाफ बेनिफिट फंडाच्या समितीत मान्यताप्राप्त संघटनेचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी वाद्यखरेदी आणि शिक्षकाच्या मानधनाचा प्रस्ताव मांडावा. रेल्वे इन्स्टिट्यूटची एक खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांसाठी मागावी, आणि टपाल कामगारांच्या मुलांनाही तेथे प्रवेश असावा. तिसरी सूचना अशी की वर्षअखेरीस स्पर्धा नको, बक्षिसे नकोत. सर्व मुलांनी मिळून वाजवावे आणि आईवडिलांनी ड्यूटी सांभाळून ऐकायला यावे.

महागाई भत्ता आणि पेन्शन यांसाठी आपण लढतो आणि लढत राहू. मुलांना एकमेकांचे ऐकून वाजवता यावे, ही मागणी त्या यादीत बसते. पुढच्या शाखा-सभेत तसा ठराव आणावा, असे आमचे आवाहन आहे.