आधी फाटकाच्या आत

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात आपल्या सल्ला केंद्रासाठी निधी मागायला मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत गेले होते. साहेबांनी 'सीएसआर'चे फोटो दाखवले. शेजारच्या गावातल्या शाळेत मुलींसाठी बांधलेली शौचालये, रविवारचे वृक्षारोपण. "गावात कंपनीचं नाव निघतं, आम्हालाही बरं वाटतं," एक कायम कामगार म्हणाला. त्याचा अभिमान खोटा नव्हता.

फाटकाशी ठेकेदारीवरची एक बाई भेटली. तिची मुलगी त्याच शाळेत जाते. "लेकीची सोय झाली, ताई. माझी न्हाई. कामावर असले की पाणीच पीत न्हाई मी," ती म्हणाली. मी परत आत जाऊन विचारले. उत्तर मिळाले, "त्या ठेकेदाराच्या बायका." वृक्षारोपणाला मात्र कंपनीवरची निष्ठा म्हणून त्यांनाही बोलावले जाते, बिनपगारी.

२०१३ साली दोन कायदे झाले. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची केली, आणि ठेकेदारीवरच्या बाईलाही कर्मचारीच मानले. पहिल्या कायद्याचे फोटो भिंतीवर लागतात. दुसऱ्याची समिती कोणती, हे मला भेटणाऱ्या बहुतेक कामगार बायांना ठाऊक नसते.

केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कारखान्यात बायांसाठी वेगळे शौचालय १९४८ च्या कारखाना कायद्यापासून सक्तीचे आहे. तो हक्क आहे, दान नव्हे. तो न देता निष्ठा कोणत्या तोंडाने मागायची?

प्रश्न आपल्यालाही आहे. केंद्राचे भाडे थकले आहे आणि निधीचा अर्ज अजून माझ्या पिशवीतच आहे. माझे म्हणणे एवढेच, की कोणत्याही कंपनीचा पैसा घेण्यापूर्वी तिथल्या ठेकेदारीवरच्या बायांना भेटावे. शौचालय आहे का, समितीत कोण आहे, तक्रार केली तर काम टिकते का, हे त्यांनाच विचारावे आणि उत्तरे साहेबांपुढे मांडावीत. त्यापायी निधी गेला, तर काय करायचे?

तुमच्या गटाने काय ठरवले, ते जरूर कळवा.