रेशनचा गहू आणि वॉशिंग्टनची मर्जी

वस्तीतल्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे 'मिलो' हा शब्द उच्चारून बघा. कुणी नाक मुरडील, कुणी हसेल, कुणी त्या तांबड्या भाकरीची हकिगत सांगायला बसेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आयाबायांनी ही अमेरिकेची तांबडी ज्वारी दळून आणली, थापली आणि लेकरांच्या पोटात घातली. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, चाळीतल्या रेशनकार्डावर अमेरिकेचा लाल गहू मिळत असे. हे धान्य कोणत्या हिशेबाने आले आणि कोणत्या हिशेबाने अडवले गेले, हे मात्र पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी सांगितले नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के जकात बसवली, तेव्हा अनेक घरांतून एकच प्रश्न ऐकू आला. काल-परवापर्यंत अमेरिका आपली मोठी दोस्त म्हणत होते, मग हे अचानक काय झाले? आम्ही म्हणतो, अचानक काहीच झाले नाही. ही गोष्ट जुनी आहे आणि ती समजून घ्यायची तर गव्हापासून सुरुवात करावी लागते.

देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे झाली होती. धान्याची मोठी टंचाई होती. भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. पण तेव्हा कोरियाचे युद्ध पेटलेले होते. चीनला आक्रमक ठरवण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला, त्याला भारताने विरोध केला होता. ते वॉशिंग्टनच्या काँग्रेसमधील बऱ्याच सभासदांना झोंबले. आम्ही यांना धान्य द्यायचे आणि यांनी आमच्या शत्रूची बाजू घ्यायची, असा तो सूर होता. चर्चा महिनोन् महिने चालली. अखेर १९५१ च्या जूनमध्ये मदत मंजूर झाली, पण ती १९ कोटी डॉलरचे कर्ज म्हणून.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यांचे १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन आपण हिंदू कोड बिलासाठी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरणावरही कडक टीका आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपले कुणी वाईट चिंतत नव्हते, आणि चार वर्षांत सगळे मित्र दुरावले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी हिशेबच मांडला. वर्षाला ३५० कोटींच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, आणि मित्र नसल्यामुळे हा खर्च एकट्याने सोसावा लागतो. परराष्ट्र धोरणाचा खर्च शेवटी कुणाच्या ताटातून वजा होतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते.

आता अमेरिकेची बाजू पाहू. तिथल्या शेतकऱ्याने इतका गहू पिकवला होता की तो ठेवायला कोठारे पुरेनात, आणि बाजारात आणावा तर भाव कोसळतो. १९५४ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक कायदा मंजूर केला, तोच पुढे पी.एल. ४८० म्हणून गाजला. जास्तीचे धान्य मित्रदेशांना द्यायचे, आणि त्यांच्याकडे डॉलर नसतील तर त्यांच्याच चलनात पैसे घ्यायचे. भारताने दिलेले रुपये इथेच, अमेरिकेच्या नावावर जमा होत. त्यातले काही अमेरिकेच्या वकिलातीच्या खर्चाला जात, काही पुन्हा भारतालाच कर्ज म्हणून मिळत. म्हणजे अमेरिकन शेतकऱ्याचा भाव सांभाळला गेला, आपली रांग शांत राहिली आणि वर उपकारही झाला! त्याच १९५४ साली अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी करार केला. एका जहाजातून आम्हाला गहू, दुसऱ्यातून शेजाऱ्याला शस्त्रे. रशियाविरुद्धच्या फळीत पाकिस्तान हवा होता, आणि भारत उपाशी राहून रशियाकडे झुकू नये, हीही काळजी होती. (पडीक रानात माजणारे गाजर गवत याच गव्हातून आले, असे लोक आजही म्हणतात. पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे नाव कुणी व का दिले असेल, ते वाचकांनीच ओळखावे.)

१९६० च्या मे महिन्यात सर्वांत मोठा करार झाला. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. भारताच्या वतीने सही करणारे अन्नमंत्री होते मुंबईचे स. का. पाटील. तेच ते अनभिषिक्त सम्राट, ज्यांना १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत धूळ चारली. हा गहू आला म्हणून शहरातल्या गिरणी कामगाराची, गोदी कामगाराची चूल चालली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फुकटासारखा गहू बंदरावर मिळतोय म्हटल्यावर आपल्या शेतीकडे कोण बघणार? अनेक अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले की या धान्यामुळे इथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो आणि सरकार सुस्तावते.

१९६५ साली ही सुस्ती उतरली. पाकिस्तानशी युद्ध झाले आणि अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. गव्हाचा दीर्घ मुदतीचा करारही राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा केला नाही. आता धान्य थोडे थोडे, एक-दोन महिने पुरेल एवढेच मिळणार. प्रत्येक खेपेची परवानगी जॉन्सनसाहेब स्वतः देणार. गाय दूर जाऊ नये म्हणून दावे आखूड करतात, तसला प्रकार. त्यात १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बिहारमध्ये तर माणसे अन्नान्न करू लागली. जहाज बंदराला लागायचे, धान्य उतरायचे, ते थेट रेशनच्या दुकानात जायचे आणि दुकानातून तोंडात. साठा असा नव्हताच. पुढच्या जहाजाला उशीर म्हणजे पुढच्या आठवड्याला उपास.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. शास्त्रीजी प्रामाणिक गृहस्थ, त्यांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. पण ज्यांच्या घरी सोमवारी काय आणि गुरुवारी काय, संध्याकाळी चूल पेटेलच याची खात्री नव्हती, त्यांना हे आवाहन ऐकून काय वाटले असेल, असे आमच्या मनात येतेच.

जॉन्सन यांना सरळ खलनायक ठरवणेही बरोबर नाही. भारताने शेतीवर खर्च करावा, खतांचे कारखाने काढावेत, हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. १९६५ च्या नोव्हेंबरात शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम रोममध्ये अमेरिकेचे शेतीमंत्री फ्रीमन यांना गुपचूप भेटले आणि तसे वचन देऊन आले. सुब्रमण्यम यांना स्वतःलाही तेच करायचे होते. पण दाव्याचा दुसरा पीळ व्हिएतनामचा होता. १९६६ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या, चांगले स्वागत झाले. ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना गेला. एवढे करूनही जुलैमध्ये भारताने हनोई-हायफाँगवरील बाँबफेकीचा निषेध केला मात्र, वॉशिंग्टनची मर्जी पुन्हा फिरली आणि गव्हाचे आदेश रेंगाळू लागले. पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट हेही तेच म्हणत आहेत, असे जॉन्सन यांना कुणीतरी सांगितले. त्यावर, त्या दोघांना आमचा गहू लागत नाही, असे ते म्हणाल्याचे सांगतात. त्या एका वर्षात आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले होते. तोंड उघडायची किंमत किती, ते यावरून कळावे.

या अपमानाचा एक उपयोग झाला. १९६६ साली मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले गेले आणि १९६८ च्या हंगामात गव्हाने आधीचे सगळे उच्चांक मोडले. हरित क्रांती ती हीच. अर्थात पाणी आणि खत मागणारे हे बियाणे. ज्याच्या नावावर सात-बारा, ज्याच्या मळ्यात विहीर, त्याचे घर भरले. बांधावर मजुरी करणाऱ्याच्या वाट्याला त्यातले किती आले, हा वेगळा लेख होईल.

१९७१ साली अमेरिकेला चीनशी मैत्री करायची होती आणि मध्यस्थ होता पाकिस्तान. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, त्या रक्तपातावर त्यामुळेच वॉशिंग्टन गप्प राहिले. ऑगस्टमध्ये भारताने रशियाशी करार केला. डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेने मदत रोखली आणि 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. पी.एल. ४८० चा गहू त्याच वर्षी संपला. म्हणून दुष्काळात आलेला तो मिलो पूर्वीसारखा रुपयांतला नव्हता, त्यासाठी परकीय चलन मोजावे लागले. १९७३ मध्ये रशियाने वीस लाख टन गहू उसना दिला. तोही काही निव्वळ प्रेमापोटी नव्हे.

साठलेल्या रुपयांचे पुढे काय झाले? १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला आणि बरेचसे येणे सोडून दिले. जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. एवढा पैसा मागायचा तर भारताला तो झेपणारा नाही आणि खर्चायचा तर महागाई भडकेल, म्हणून ही उदारता.

आमच्या महाराष्ट्रातल्या तारापूरचीही तीच कथा. १९६३ चा करार, अमेरिकन अणुभट्ट्या, इंधन पुरवण्याचे दीर्घ मुदतीचे वचन. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि वचन बाजूला पडले. १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड झाली. १९९८ च्या स्फोटांनंतर पुन्हा निर्बंध आले. ते २००१ च्या सप्टेंबरात उठले, कारण अफगाणिस्तानच्या लढाईसाठी हा सगळा प्रदेश हवा होता. भारतावरचे आणि पाकिस्तानवरचे, दोन्ही एकाच दिवशी उठले. पुढे चीन डोईजड झाला तशी भारताची किंमत वाढली आणि २००८ मध्ये अणुकरार पुरा झाला. स्फोट करणारा भारत तोच होता. बदलली ती वॉशिंग्टनची गरज.

आणि आता तेल. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर भारताने रशियाचे स्वस्त तेल घेतले. जगात तेलाचे भाव भडकू नयेत म्हणून अमेरिकेने तेव्हा त्याकडे कानाडोळा केला. २०२५ मध्ये तेच तेल गुन्हा ठरले. आधीच्या २५ टक्के जकातीवर आणखी २५ टक्के दंडाची जकात २७ ऑगस्टपासून लागू झाली. स्वस्त तेलाचा नफा शुद्धीकरण कंपन्यांनी घेतला, रिक्षावाल्याला पंपावर त्यातले फारसे दिसले नाही. दंडाचा फटका मात्र थेट कामाच्या टेबलापर्यंत आला. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणारे हजारो हात आहेत आणि त्यांच्या मालाचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका आहे. वाटाघाटी झाल्या, पुढे दरही बदलले. पण महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला मधले महिने कुणी परत देत नाही.

सीप्झमध्ये किंवा निर्यातीच्या कुठल्याही कारखान्यात काम करणाऱ्या वाचक बंधू-भगिनींनी आम्हाला जरूर कळवावे. त्या महिन्यांत ओव्हरटाइम किती बुडाला, कंत्राटावरची किती माणसे घरी बसवली, बायांना आधी काढले की पुरुषांना. दोन ओळींचे पोस्टकार्डही चालेल. नाव छापू नये असे वाटत असेल तर तसे लिहावे, आम्ही ते छापणार नाही.